चरडे सर आणि रिकामा सोडलेला रकाना

आदरणीय माणिकराव चरडे यांची आणि माझी पहिली भेट वांग्यांवरून झाली. देवळीच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवणाऱ्या कारखान्यांना लागणारी रसायनं पुरवणारी आमची कंपनी. तिथं मी मुलाखतीला गेले होते. हातात संगणकाची पदविका होती आणि अंगावर आईची ठेवणीतली साडी. समोर पांढऱ्या बुशशर्टातले एक बुटके गृहस्थ बसले होते. पदविकेकडे त्यांनी पाहिलंही नाही. एक कोरा कागद माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, "लिव्हा. सेलूच्या बाजारातून दहा पाट्या वांगे आनाचे हायेत. असं लिव्हा का आननाऱ्याले परत इचाराचं काम पडू नये."

मी लिहिलं, दहा पाट्या वांगी. त्यांनी विचारलं, "पाटी केवढी? वांगे भरताचे का भाजीचे? कोन्या दिवशी पायजे? कोनाच्या दारात उतरवाचे?" मी एकेक ओळ वाढवत गेले. पाऊण तासानं त्या कागदावर अकरा ओळी झाल्या होत्या आणि मला नोकरी मिळाली होती. मुलाखतीत वांगी विचारली असं घरी सांगितलं, तर आईला वाटलं मला कॅन्टीनमध्ये घेतलंय. दोन दिवस ती कुणाशी त्याबद्दल बोलली नाही.

सरांना या महिन्यात साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या आम्ही काही जणांनी गौरवग्रंथ काढायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा एक अट घातली. नामदेव शेंडे यांच्या मृत्यूची हकीकत या ग्रंथात छापली जावी, चूक कुणाची होती ते नावानिशी यावं, आणि ते मी लिहावं. समितीतल्या काहींना हे रुचलं नाही. आमचे अध्यक्ष म्हणाले, "ताई, हा गौरवग्रंथ हाय, चार्जशीट नाई." त्यांचं तसं चुकत नव्हतं. पण सर अटीत सूट देत नाहीत हे समितीतल्या प्रत्येकाला अनुभवानं ठाऊक आहे. तेव्हा हारतुरे इतर लेखांत भरपूर आहेत, वाचकांनी ते तिथून घ्यावेत. इथं मी सरांची अट पाळणार आहे.

सर मूळचे केळझरचे. घरी भाजीपाल्याचा मळा होता. वडिलांना लिहिता येत नसे, म्हणून अडत्याकडे जाणाऱ्या टोपल्यांबरोबरची चिठ्ठी माणिकरावांनी लिहायची. एकदा त्यांनी नुसतं 'टमाटे' एवढंच लिहिलं आणि कच्चे-पिके सगळे एका ढिगात गेले. माल मातीमोल झाला. सेलूपासून केळझरच्या गणपतीच्या टेकडीपर्यंतचा सगळा रस्ता बापलेकांनी मुक्यानं कापला. सर सांगत, मार खाल्ला असता तर विसरून गेलो असतो.

पुढे आयुष्यभर त्यांनी चिठ्ठ्याच केल्या, फक्त त्या संगणकाच्या होत्या. आमच्या कामाशी ओळख नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगते. मोठ्या खरेदीदाराची मागणी आता टपालानं येत नाही की फोनवर येत नाही. त्यांच्या संगणकातून निघते आणि आमच्या संगणकात उतरते. मधे कुणी ती पुन्हा टाइप करत नाही. हे जमावं म्हणून प्रत्येक कागदाचा साचा आधीच ठरलेला असतो. कोणत्या रकान्यात मालाचा संकेतांक, कोणत्यात वजन, कोणत्यात पोचवायची तारीख, हे दोन्ही बाजूंनी मान्य केलेलं असतं. माल निघाला की 'माल रवाना' हा आमचा कागद ट्रकच्या आधी पलीकडे पोचतो. तिथला संगणक तो वाचतो, गोदामातली जागा ठरवतो आणि हमालांसाठी चिठ्ठी छापतो. कागद मिळाल्याची पोच उलट आमच्याकडे येते. या सगळ्यात माणूस कुठं आहे, असं कुणी विचारलं तर सर म्हणत, सुरुवातीला आणि शेवटी, आणि दोघांची एकमेकांशी गाठ पडत नाही.

ही पद्धत कंपनीत आणली ती सरांनी. मालकांना ती पटवायला त्यांना दोन वर्षं लागली आणि जुन्या कारकुनांना पटवायला त्याहून जास्त. आमचे भोयर काका तर रोज जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या नोकरीचं सुतक पाळत. सरांनी त्यांना काढलं नाही, उलट शेजारी खुर्ची टाकून बसवलं. कापड रंगवताना लागणाऱ्या एकाच पावडरला एक गिऱ्हाईक 'हायड्रॉस' म्हणतं, दुसरं 'हायड्रो' आणि तिसरं 'ते पांढरं', हे सगळं काकांच्या डोक्यात होतं. गिऱ्हाइकांनी ठेवलेल्या नावांचा आणि आमच्या संकेतांकांचा मेळ घालणारा तक्ता त्या दोघांनी मिळून केला. भोयर काका निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात त्यांनी तक्त्यातली सत्तर नावं तोंडपाठ म्हणून दाखवली, आणि शेवटी शेवटी श्रोत्यांनी घड्याळ पाहायला सुरुवात केली.

सरांचं एक वाक्य आमच्या विभागात सगळ्यांना पहिल्याच दिवशी ऐकवलं जाई. "पोच आली म्हंजे कागद पोचला. मानसाले समजलं, असं नाई." पलीकडच्या संगणकानं 'स्वीकृत' म्हटलं याचा अर्थ एवढाच की साचा बरोबर होता. आतला मजकूर कुणी वाचला की नाही, ते त्यातून कळत नाही. सर असं नुसतं बोलत नसत, तसं वागतही. माल पाठवण्याच्या बाजूला बायकांसाठी संडास नव्हता. आम्ही तिघी-चौघी दिवसभर पाणी न पिता काम करायचो आणि कुणाशी बोलायचो नाही. सरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी व्यवस्थापकांना अर्ज दिला. अर्जावर 'मिळाला' असा शिक्का पडून परत आला. पुढच्या सोमवारी त्यांनी तोच अर्ज, तोच मजकूर, नव्या तारखेनं दिला. असे सोमवार किती गेले ते मी मोजले नाहीत, पण एक दिवस गवंडी आला. संडासाच्या आतली कडी सरांनी घरून आणून स्वतः ठोकली, कारण ठेकेदारानं लावलेली कडी बाहेरूनही उघडत होती.

आता मूळ गोष्टीकडे येते. लिहायला हात जड होतोय, ते लपवत नाही.

कागदी चलनाच्या काळात सरांची एक सवय होती. हायड्रॉसचे ड्रम निघाले की चलनाच्या कोपऱ्यात ते लाल पेन्सिलीनं 'ओल लागू देऊ नये' असं लिहीत आणि खाली दोन रेघा मारत. या पावडरला पाणी लागलं की ती आतून तापते आणि गंधकाचा विषारी धूर सोडते. विझवायला म्हणून वरून पाणी ओतलं तर आणखी भडकते. हे आम्हाला ठाऊक होतं आणि त्या लाल रेघांमुळे पलीकडच्या हमालांनाही ठाऊक असायचं. ड्रमवर धोक्याची सूचना छापलेली असे, पण ती इंग्रजीत होती आणि रचलेल्या ड्रमची ती बाजू बहुतेक भिंतीकडे असायची.

कामकाज संगणकावर गेलं तेव्हा त्या लाल पेन्सिलीसाठीही साच्यात जागा होती. धोकादायक मालाचा वेगळा रकाना होता, मात्र तो ऐच्छिक होता, भरला नाही तरी कागद जायचा. सरांनी तो भरायला लावला. हिंगणघाट रस्त्यावरच्या एका रंगाई कारखान्याशी आमची नवी जोडणी झाली त्या आठवड्यात कागद परत येऊ लागले. त्या कारखान्याच्या संगणकात हा रकाना उघडलेलाच नव्हता. त्यात काही दिसलं की तो अख्खा कागद नाकारायचा. कागद नाकारला की त्यांचं फाटक उघडत नसे. आमचे तीन ट्रक उन्हात उभे होते, ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी फोन करत होते, आणि पलीकडचे संगणकवाले म्हणत होते, "तो रकाना सध्या रिकामा सोडा, आमी मागून जोडून घेतो."

सरांनी तो रकाना रिकामा केला. मी शेजारच्या टेबलावर होते. पोच माझ्या पडद्यावर आली. मीच म्हणाले, "सर, आलं स्वीकृत." सरांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि सगळ्यांसाठी चहा मागवला. कुणीतरी भजीही आणली. पलीकडच्यांनी मागून काहीही जोडलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. पोच रोज स्वच्छ येत होती. जो माणूस आम्हाला पोच म्हणजे समज नव्हे असं शिकवायचा, तो स्वतः अकरा महिने पोचेवर निजला. हे वाक्य मी सरांना वाचून दाखवलं. त्यांनी ते असंच ठेवायला सांगितलं.

त्या कारखान्याच्या संगणकानं हायड्रॉसला साधा माल समजून साध्या मालाची जागा दिली. ती जागा ड्रम धुण्याच्या मोरीला लागून होती. एका ड्रमचं झाकण चेपलं होतं, त्यात पाणी गेलं. सकाळच्या पाळीत धूर दिसला तेव्हा गोदामात नामदेव शेंडे होते. आष्टी तालुक्यातले, चाळिशीच्या आतले, तिथं सहा वर्षं हमाली करणारे. त्यांना मराठी वाचता येत होतं. हातातल्या छापील चिठ्ठीवर 'सामान्य माल' असं लिहिलेलं होतं. धूर दिसल्यावर शहाणा माणूस जे करील तेच त्यांनी केलं. मोरीवरची बादली भरून ओतली, मग दुसरी भरून ओतली. आतले दोघे जण त्यांनी ढकलून बाहेर काढले आणि शेजारचे ड्रम ओढायला ते पुन्हा आत गेले. ते बाहेर आले नाहीत.

आमच्याकडे बातमी फोनवर आली. सर खुर्चीवर बसले आणि त्यांनी त्या मालाचा कागद पडद्यावर उघडला. एकेक रकाना बोटानं मोजत ते खाली आले आणि रिकाम्या जागेवर बोट ठेवून थांबले. मला म्हणाले, "बेटा, हे माह्यं हाय." मी म्हटलं, सर, त्यांनी सांगितलं होतं ना, म्हणून सोडला. ते म्हणाले, "सांगनारे लय असतात. रिकामा मीनं सोडला."

कंपनीची बैठक झाली. कायदेशीर सल्लागारांनी एकच प्रश्न विचारला, त्या कागदाची पोच आहे का? आहे म्हटल्यावर ते म्हणाले की आपला विषय इथं संपतो, यापुढे कुणी कुठं काही बोलू नये. आठवड्याभरातच चौकशीचा अहवाल आला. तो लांबलचक होता, पण त्यातलं एक वाक्य सगळ्यांना हवं होतं आणि ते त्यात होतं. मृत कामगारानं नियमाविरुद्ध पाणी टाकलं आणि त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे ही घटना घडली. दोन्ही कंपन्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही टाकला, हे इथं लिहून ठेवते.

सर तेरवीला गेले होते. मी बरोबर होते. मांडवात कुणी त्यांना ओळखत नव्हतं, पाट मांडून जेवायला बसवत होते. सरांनी ताटाला हात लावला नाही. नामदेवरावांच्या पत्नी सुमनबाई आतल्या खोलीत बसल्या होत्या. त्यांच्यापुढे उभं राहून सरांनी सगळं सांगितलं. रकाना म्हणजे काय, तो रिकामा कुणी सोडला, आणि तो भरलेला असता तर चिठ्ठीवर काय छापून आलं असतं. त्यांना किती समजलं कोण जाणे. त्या म्हणाल्या, "मंग कागदावर आमच्या मानसाचं नाव काऊन हाय? पोरीले शायेत म्हनतात, तुह्या बापानं सोताच पानी टाकलं." सर म्हणाले, "मी ते काढून आनतो." सुमनबाई म्हणाल्या, "तवा येजा. आता जा."

दुसऱ्या दिवशी सरांनी रजा टाकली. हे काम कंपनीच्या वेळेत करायचं नाही असं त्यांचं म्हणणं. रकाना रिकामा केल्याची नोंद, त्याआधीचे भरलेले पण नाकारलेले कागद, सगळं छापून ते वर्ध्याला चौकशी अधिकाऱ्यांकडे गेले आणि लेखी जबाब दिला. अधिकारी भला माणूस होता. तो म्हणाला, "चरडे साहेब, अहवाल बंद झाला आहे. तुम्ही घरी जा, पन्नाशी उलटली, नातवंडं खेळवा." सर तिथंच बसून राहिले. शेवटी अहवालाला एक पुरवणी परिच्छेद जोडला गेला, रवानगीच्या कागदात धोक्याची माहिती नव्हती असा. निष्काळजीपणाचं वाक्य मात्र जसंच्या तसं राहिलं. त्यावर सही झालेली आहे आणि सही झालेलं वाक्य खोडायला कुणाला अधिकार आहे, हे त्या कार्यालयात कुणालाच नक्की माहीत नाही.

कंपनीनं सरांना काढलं नाही. काढलं असतं तर बोभाटा झाला असता. त्यांना विभागप्रमुखाच्या खुर्चीवरून उठवून फाटकाजवळच्या वजनकाट्याच्या खोलीत बसवलं. ती पत्र्याची खोली मे महिन्यात उभं राहवत नाही अशी तापते. निवृत्तीपर्यंत ते तिथं ट्रकांचं वजन लिहीत बसले. त्यांची खुर्ची मला दिली गेली, आणि मी ती घेतली. मला घराचे हप्ते होते वगैरे कारणं सांगता येतील, पण सरांनी ती कधी मागितली नाहीत. पहिल्या दिवशी मी खाली जाऊन त्यांच्यासमोर रडले तर म्हणाले, "रडून काय करतं? वर जाय, तो रकाना भर पयले."

मी भरला. पलीकडून कागद परत आला, जसा पूर्वी यायचा. या वेळी मी ट्रक थांबवून ठेवले. वरून फोन आले, खालून फोन आले, मी ट्रक सोडले नाहीत. पलीकडच्या संगणकवाल्यांनी कुरकुरत बसून आपल्याकडचा रकाना उघडला. दोन दिवस लागले. फक्त दोन दिवसांचं काम होतं ते. मी हे सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी वजनाची वही मिटली. त्या दिवशी मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवलं नाही, आणि अजूनही ते मला आठवतं तेव्हा हातातलं काम सुटतं.

काट्याच्या खोलीतून त्यांनी जे केलं त्यातून आम्ही बहुतेक जण घडलो. प्रत्येक हायड्रॉसच्या ट्रकच्या ड्रायव्हरला ते खाली उतरवून समोरासमोर सांगत, "याले पानी लागू देऊ नोको. आन पोचवल्यावर उतरवनाऱ्याले सांगजो. काय सांगशीन, मले म्हनून दाखव." ड्रायव्हर हसत, चिडत, पण म्हणून दाखवल्याशिवाय पावती मिळत नसे. रविवारी त्यांच्या घरी जिल्ह्यातल्या कारखान्यांचे कारकून जमू लागले. पुलगावपासून समुद्रपूरपर्यंतची माणसं यायची. सर फी घेत नसत. ऐच्छिक रकान्यांची यादी ते पाठ करून घेत, आणि प्रत्येक रकान्यापुढे एकच प्रश्न लिहायला लावत: हा रिकामा राहिला तर पलीकडे कोण उभं आहे? या ग्रंथातले निम्मे लेखक त्या रविवारच्या वर्गातले आहेत.

आणि दर वर्षी, नामदेवरावांच्या तिथीच्या आधी, सर वर्ध्याच्या त्या कार्यालयात अर्ज देतात. मजकूर तोच, तारीख नवी. ते एक वाक्य अहवालातून वगळावं. दर वर्षी अर्जाची पोच मिळते. अधिकारी बदलले, कारकून बदलले, टेबलं बदलली. मग ते आष्टीकडे जातात, सुमनबाईंच्या दारात उभे राहून सांगतात, "अजून नाई झालं." त्या मान हलवतात. घरात या असं त्यांनी आजवर म्हटलेलं नाही आणि येऊ नका असंही म्हटलेलं नाही. गेल्या वर्षी परत येताना सर मला म्हणाले, "त्या लोकाईच्या कागदावरून नाई निघत. निदान आपल्या कोन्या कागदावर खरं छापून राहू दे." गौरवग्रंथाची अट तिथून आली.

तर ते मी इथं लिहिते. नामदेव शेंडे यांच्या मृत्यूला नामदेव शेंडे जबाबदार नव्हते. धोक्याचा रकाना माणिकराव चरडे यांनी रिकामा केला. तो रिकामा आहे हे मला आणि विभागातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि आम्ही गप्प राहिलो. पलीकडच्यांनी दिलेला शब्द पाळला नाही. नामदेवरावांना जेवढं सांगितलं गेलं होतं तेवढ्यात त्यांनी जे केलं ते योग्य होतं, आणि त्यांच्यामुळे दोन माणसं आज जिवंत आहेत.

छापायला देण्याआधी हा लेख सुमनबाईंना ऐकवणं मला भाग होतं. मी आष्टीकडे त्यांच्या गावी एकटीच गेले. त्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांची मुलगी आता कॉलेजात आहे, ती दाराला टेकून उभी राहिली. मी वाचत होते तोवर सुमनबाईंचे हात थांबले नाहीत. नामदेवरावांची चूक नव्हती ते वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "हे पुस्तक कोनी वाचीन का?"

खोटं बोलायची हिंमत झाली नाही. मी म्हटलं, "फारसं कुणी नाही. वाचनालयात राहील."

"मंग पुस्तकानं काय होते," त्या म्हणाल्या. पुढची शेंग सोलत त्यांनी विचारलं, "त्याईची तब्येत कशी हाय?"

मी म्हटलं, साखर आहे, गुडघे दुखतात.

"गोया टायमावर घेत जा म्हना." त्यांनी शेंगांची टरफलं सुपात गोळा केली. "आन माफ केलं असं लिवू नोका. मीनं नाई केलं. पन इतक्यात मराचं नाई, म्हना. आमी वर्ध्याले गेलो तं आमाले फाटकावरूनच वापस लावतात. त्याईले तिथं उभं तरी करतात. ते हायेत तवरिक हे चालू राहीन. ते गेले का मंग आमच्या मानसानं पानी टाकलं, एवढंच राहीन."

गौरवलेखाच्या शेवटी उत्सवमूर्तीला दीर्घायुष्य चिंतायची रीत आहे. मी याआधी चार-पाच जणांना ते चिंतलं आहे आणि खरं सांगायचं तर हात सवयीनं चालला होता. या वेळी दुसऱ्या कुणी मागितलेलं आयुष्य मी फक्त पोचवते आहे. सर, साठी पूर्ण झाली, आता शंभरी गाठा. गोळ्या वेळेवर घ्या आणि गुडघ्यांना जपा. वर्ध्याचं ते कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि तो जिना तुम्हाला अजून पुष्कळ वर्षं चढायचा आहे.